मीटरमागे एक पेनी

आमच्या गावात चढ नाही.
समुद्राहून चार मीटर उंच, तेही भरतीला विचारून.
डोंगर बघायचा तर ढग जमायची वाट पाहावी लागते.
म्हणून मी मोटारतळाचा जिना धरला:
सहा मजले, मुतारीचा वास,
तिसऱ्यावरचा कायमचा गेलेला दिवा,
आणि पाठीवर बारा किलो बटाटे.

बटाटेच का, शर्लीनं विचारलं.
घरात तेच होते, म्हटलं.
एकतीस वर्षं तू त्यांची प्रतवारी केलीस, नेव्हिल.
सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहून
हिरवा पडलेला नेमका बाजूला काढायचास.
स्वतःच्या अंगातला तेवढा
तुला शेवटपर्यंत दिसला नाही.

ऑक्टोबरात दोन फेऱ्या, नाताळापर्यंत नऊ.
जानेवारीत गुडघा रुसला, त्याला पट्टा बांधून समजावला.
फेब्रुवारीत पिशवीतच मोड आले,
ते परसात लावून टाकले, नवे भरले.
रविवारी त्यातलेच दोन-चार काढून उकडायची मी,
सोमवारी वजन कमी भरायचं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

देणगीचा कागद घेऊन दारोदार फिरले.
खाटकानं वीस पौंड लिहिले.
न्हाविणीनं दहा, वर केस फुकट कापले.
आणि थर्लबी, तुला ठाऊकच आहे,
दात कोरून पोट भरणारा,
चष्मा पुसत म्हणाला, मीटरमागे एक पेनी.
शिखर गाठलंस तर एक्केचाळीस पौंड सदुसष्ट पेन्स.
पण मीटर मोजायचे कुठून?
समुद्रापासून, की चालायला लागशील तिथून?
पावसात दारात उभ्यानं दहा मिनिटं भांडलो.
समुद्र जिंकला.

पैसे रात्रीच्या नर्सांसाठी.
इफेओमा यायची ना, तीनच्या सुमाराला,
बूट दाराशी काढून, मोज्यांनी.
तुझी उशी पालटून थंड बाजू गालाखाली द्यायची
आणि मला म्हणायची, जा, पड जरा, मी आहे.
कागदावर नाव, पत्ता, रक्कम, सही एवढेच रकाने.
ते दोन शब्द कुठे मांडू?

माराकेशहून गाडी वळणं घेत घेत वर आली.
इमलिल. अक्रोडाची झाडं, पाटाचं खळखळतं पाणी,
रस्ता संपतो आणि पुढचं सगळं उभंच.
मान मागे टाकून पाहिलं तर टोपी पडली.
आम्ही अकरा जण, सगळ्यांचे सदरे एकाच हिरव्या रंगाचे,
शेंगेतून सांडलेल्या वाटाण्यांसारखे.

सकाळी सहाला खेचरं आली.
खेचरवाला इद्दर, माझ्याच वयाचा असावा.
त्यानं माझी पिशवी हातात तोलली,
काही न बोलता खेचरावर चढवली,
दोरीला एक गाठ, झालं.
सहा महिने कमावलेली पाठ
भर चौकात उघडी पडल्यासारखी.
हात कुठे ठेवावेत कळेना.
वाकून चालायची सवय झालेली,
ओझ्याशिवाय पुढेच झुकायला लागले, पडते की काय.

खुणेनं म्हटलं, जरासं तरी दे.
तो विचारात पडला.
मग खेचराच्या दुसऱ्या अंगाची टोपली उघडली,
आमच्या रात्रीच्या जेवणाची,
आणि एका फडक्यात बांधून दिले,
दोनेक किलो असतील,
बटाटे.

मी तिथेच दगडावर बसले.
एकेक अंगठ्यानं चोळून, उजेडाकडे धरून पाहिला.
मातीही वेगळी, लालसर.
एक हिरवा निघाला. बाजूला काढला.
इद्दरनं तो उचलून पाहिला,
माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली.
जाणकार जाणकाराला देतो तशी.

वाटाड्या सांगत होता, इथली उंची सतराशे चाळीस.
म्हणजे एक पाऊल न टाकता
थर्लबीचे सतरा पौंड चाळीस पेन्स झालेच.
गुडघ्याचा पट्टा आवळला.
खेचराच्या मागून निघाले.
सतरा पौंड एक्केचाळीस.